माझ्या वाट्यातली गाडी

२५ ऑगस्ट

आणली एकदाची! मढपासून पिंपरी पेंढारपर्यंत दोनदा बंद पडली, वायपर एकच चालला आणि तोही माझ्या बाजूचा नाही. पण आणली. घरापुढं रस्त्याला लागून जो तुकडा आहे तिथं लावली आणि चारी चाकांना दगड दिले.

भगवंतदादा, माझा थोरला भाऊ, ओट्यावर उभा होता. "ह्ये काय आणलंस?"

"घर."

"ह्यो भंगार डबा?"

"डबा तर डबा. झाकण माझ्या हातात आहे."

रीतसर लिहून ठेवते. नवरा सोडल्यापासून मंचरला शाळेच्या पोरांची व्हॅन चालवली आणि भाड्याच्या खोलीत राहिले. आता मालक खोल्या पाडतोय आणि व्हॅनवाल्यानं धंदा बंद केलाय. ही गाडी पुण्याच्या एका हौशी माणसानं जुन्या मिनीबसमधून बनवून घेतली होती, माळशेजच्या पर्यटकांसाठी. आत पलंग, गॅसचा ओटा, बेसिन, संडाससुद्धा आहे. धंदा बसला आणि गाडी मढच्या पावसात कित्येक वर्षं उभी राहिली. आतून अजून धड आहे, बाहेरून बघवत नाही. रंगाचे पापुद्रे सुटलेत, खिडक्यांच्या रबरात शेवाळ आहे, टपावर तर चक्क गवत उगवलंय.

आणि जागा म्हणाल तर माझ्या वाट्याची आहे. बाबा गेल्यावर दादानं हक्कसोडपत्र पुढं केलं होतं. आमच्याकडं बहिणी सही करतात. साडी घेतात, डोळे पुसतात, सही करतात, मग म्हणे माहेर टिकतं. मी केली नाही. तेव्हापासून ह्या घरात मला कोणी धड बोललेलं नाही, आणि मीही कोणाच्या पाया पडायला आलेली नाही.

मंगलवहिनीनं चहा विचारला नाही, पण गाडीभोवती पूर्ण चक्कर मारली. नखानं पत्रा टोकरून बघितला. म्हणाली, "वन्सं, आतनं कडी लागती का ह्याला?" म्हणजे तुझ्या घरात चोर शिरतील असं सुचवायचं असणार. म्हटलं, लागते, आणि चांगली दणकट लागते.

३१ ऑगस्ट

रात्रभर गळती. उशाशी पातेलं, पायाशी बादली. सकाळी खुरपं घेऊन टपावर चढले आणि गवत खुरपलं. आयुष्यात बरंच खुरपलंय, पण घराच्या डोक्यावरचं गवत पहिल्यांदाच! त्याच्याखाली हवेच्या झाकणाभोवती मागच्या मालकानं डांबर थापलेलं. डांबराला भेगा, भेगांतून पाणी आत.

आळेफाट्याहून पप्पू आला. बसच्या बॉड्यांचं पत्राकाम करतो. खाली वाकून बघितलं, वर चढून बघितलं, मग म्हणाला, "ताई, हिला रंग नको, हिला खांदेकरी बघा."

"तू खांदा देणार का काम करणार ते सांग."

हसला आणि कामाला लागला. म्हणाला, आधी पाणी बंद, मग गंज बंद, रंग सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात, वरून रंग मारतात आणि आतून पत्रा कुजतो. डांबर खरवडून काढायचं, सांधे कोरडे करायचे, मग सीलंट भरायचं. हे खरवडणं माझ्याकडं आलं. हाताची सालं निघाली.

वहिनी खाली शिडी धरून उभी होती, कोणी सांगितलं नव्हतं तरी. वर बघून विचारते, "ही घाट-बिट चढंल का, वन्सं?"

"कशाला चढायचा घाट? मी इथंच राहणार आहे."

"हां," म्हणाली आणि शिडी सोडून निघून गेली. मी अर्ध्या शिडीवर! बाई आहे का कोण आहे.

१४ सप्टेंबर

टप गळायचा थांबला. काल झोडपून पाऊस झाला आणि पातेलं कोरडं. मी त्यात साबुदाण्याची खिचडी केली.

आता खिडक्यांची रबरं बदलतेय. जुनी वाळून लाकडासारखी झालीत, ओढली की तुकडे पडतात. रबराच्या खाचेत हिरवं शेवाळ भरलेलं असतं. ब्रशनं घासलं, खराट्याच्या काडीनं कोरलं, आठवड्यात पुन्हा उगवतंच. ह्या शेवाळाचा स्वभाव माझ्यासारखाच आहे, हाकललं तरी जात नाही.

खालच्या कडेचे लोखंडी अँगल गंजून पापडासारखे झालेत. गंज घासून रेड ऑक्साईड मारला. वरचे पत्रे अॅल्युमिनियमचे आहेत, ते गंजत नाहीत, पण त्यांच्यावरचा जुना रंग पॉलिश पेपरनं घासून पूर्ण उतरवायला लागणार.

बसल्या बसल्या कधी वाटतं, चुकलं का माझं? सही केली असती तर निदान गौरी-गणपतीला जेवायला तरी बोलावलं असतं. पलीकडं आरती चालली होती आणि मी पत्रा घासत होते. मग मीही आरती म्हटली, गाडीतून, त्यांच्यापेक्षा मोठ्यांदा.

२९ सप्टेंबर

दादानं गेणभाऊला आणलं. गावात कुठलंही भांडण मिटवायचं असलं की ह्या म्हाताऱ्याला बोलावतात. गाडीपुढं खुर्ची टाकून बसले, टोपी मांडीवर.

"पोरी, वाटा घेतला की माहेर जातं. वाटा सोडला की हक्कानं पाणी प्यायला तरी येता येतं."

"गेणभाऊ, तुमच्या कारभारणीनं, बायडाबाईंनी, वाटा सोडला ना? त्या किती वेळा गेल्या हो पाणी प्यायला?"

गेणभाऊनं टोपी घातली. दाराशी वहिनीला जोराचा ठसका लागला. लागेल नाही तर काय, सासरच्या मोठ्या माणसाला असं बोलले म्हणून तिच्या घशाखाली उतरलं नसणार.

जाता जाता दादा बोलला ते शब्द न् शब्द लिहून ठेवते. "मोजणी होईस्तवर त्वा हितं गाडी लावलीस, लाव. पोलीस-कोर्ट मला नाय करायचं. पण गाडी एकदा हलली ना, तर त्याच दिशी तिथं माझी ट्रॉली लागंल आन् दुसऱ्या दिशी शेडचे खांब. मग बस शोधत जागा."

"मग गाडी हलणारच नाही."

"बघू."

"बघ की."

११ ऑक्टोबर

दोन्ही बाजूंचा रंग उतरवून झाला! आज गाडी नुसत्या पत्र्यात उभी आहे, नव्या ताटासारखी पांढरी. उद्या दसरा. गावात सगळे ट्रॅक्टर, मोटरसायकली, जीपगाड्या धुतायत. माझी का नको?

पण दादानं विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीला कुलूप घातलंय. ठीक आहे. आम्हीही ह्याच मातीतले.

डाळिंबाच्या कडेला फवारणीचा पंप आहे, त्याच्याशेजारी निळं टिपाड. त्यात बोर्डो होतं, मोरचूद आणि चुना कालवलेलं, डाळिंबावर मारून उरलेलं असणार. चुना खाली बसलेला, वर पाणी निवळून फिकं निळं झालेलं. बघितलं आणि डोक्यात एकदम उजेड पडला. विहिरीत शेवाळ झालं की बाबा मोरचुदाची पुरचुंडी सोडायचे, आठवड्यात पाणी साफ. मग खिडक्यांच्या शेवाळाला ह्यापेक्षा रामबाण औषध कुठलं? आणि पाणीही दादाचं! दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा पंप चालू केला आणि टपापासून चाकापर्यंत गाडी झोडपून काढली. एकेक खाच भरली. लई समाधान वाटलं.

१२ ऑक्टोबर, दसरा

झेंडूचा हार घातला, बॉनेटवर हळद-कुंकू लावलं. पत्र्यावर निळसर झाक आलीय, थोडी भस्मासारखी. आणि लोखंडी स्क्रू आहेत ना, त्यांच्यावर तांब्याचा रंग चढलाय, जसं काही कोणी एकेका स्क्रूला तांब्याचा मुलामा दिलाय. फारच शोभून दिसतंय. पप्पूला दाखवायला पाहिजे.

दादा ट्रॅक्टरची पूजा करून इकडं बघत उभा राहिला. मग तरातरा आला, एका स्क्रूवर अंगठा घासला आणि असा ओरडला की आपट्याची पानं देणारी पोरं पळाली.

"कुठल्या पाण्यानं धुतलंस ह्ये? टिपाडातल्या?"

"शेवाळ मारायला."

"अगं, विळा लाल झाला व्हता त्यात! वतून द्यायचं म्हनून ठेवलं व्हतं त्ये!"

थोडं पाणी घेतलं तर एवढा थयथयाट! स्वतःच जाऊन मोटरीचं कुलूप काढलं, नळी ओढत आणली आणि सणाच्या धोतरावर माझ्या गाडीवर पाणी मारत सुटला, तोंडानं शिव्या देत. हार वाहून गेला. म्हटलं, दादा, माझ्या पूजेवर पाणी ओततोस? तर म्हणे, "गप! मागल्या बाजूला घास, नुसती बघत काय राह्यलीस!" पंप वापरला ह्याचा एवढा राग. अंधार पडेपर्यंत पाणी मारत होता, संस्कृतीनं, त्याच्या पोरीनं, दोनदा जेवायला हाक मारली तरी गेला नाही. मी काही आभार मानले नाहीत.

१५ ऑक्टोबर

सत्यानाश.

पत्र्यावर काळे ठिपके आलेत. आधी वाटलं डाग असतील, घासले तर प्रत्येक ठिपक्याखाली खड्डा. मागच्या बाजूला, जिथं पत्रा आधीच पातळ होता, तिथं सुईनं टोचल्यासारखी भोकं पडलीत. पप्पूनं भोकातून टॉर्च मारली, माझ्या पलंगावर चांदण्या पडल्या.

"काय लावलंत हिला?"

सांगितलं. पप्पू खालीच बसला.

मग वहिनी आली आणि तिनं समजावलं. बोर्डो तयार झालं की विळ्याचं पातं त्यात बुडवून बघतात. पातं तसंच राहिलं तर औषध बरोबर. लाल झालं तर चुना कमी पडलाय, मोरचूद मोकळं आहे. ते झाडाची पानं जाळतं आणि धातू खातं. त्या दिवशी चुना संपला होता, पातं लालेलाल झालं, म्हणून दादानं ते टिपाड बाजूला ठेवलं होतं. विहिरीतलं शेवाळ मरतं तेवढंच मला ठाऊक, अॅल्युमिनियमचं काय होतं ते बाबांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या विहिरीला पत्रा नव्हता.

दीड महिन्याचं काम मी एका दुपारी माझ्याच हातानं खाऊन टाकलं. रडले. लिहायला काय हरकत आहे, चांगली अर्धा तास रडले. वहिनी तिथंच बसून होती. डोळे पुसले तर विचारते, "मग आता ही चालायचीच बंद का?"

"इंजिनाला काही झालेलं नाही. पत्र्याला झालंय."

"मग रडताय कशापायी?"

एवढी निर्दय बाई मी बघितली नाही. पण तिच्यामुळं रडू थांबलं ते थांबलंच. पप्पूला म्हटलं, मागचे दोन पत्रे काढ, नवे ठोक. बाकीचे खड्डे घासून काढते, पुट्टी भरते, प्रायमर मारते. एक खड्डा ठेवणार नाही. दादाला वाटत असेल ही आता गाडी भंगारात घालून जाईल, तर त्यानं वाट बघत बसावं.

२० ऑक्टोबर

आज संस्कृतीला बघायला पाहुणे आले. सकाळी दादा शेततळ्याचा काळा प्लॅस्टिकचा कागद घेऊन आला. "ह्यानं झाक गाडी. निदान आजचा दिस."

"का? मेलंय का कोणी आत?"

झाकली नाही. गाडी करड्या प्रायमरमध्ये, पांढऱ्या पुट्टीचे ठिपके, मागचे दोन पत्रे कोरे. बिबट्याचं आजारी पिल्लू दिसत होती, मान्य आहे. पण माझी होती.

पाहुणे मांडवात बसले. मुलाच्या मामाची नजर फिरून फिरून गाडीवर. शेवटी विचारलंच, "ती कोणाची?"

"बहिणीची," दादा म्हणाला.

"बहिणीची हक्कसोड झाली ना पण? जमीन मोकळी आहे ना?"

"व्हईल."

मी गाडीच्या दारात भांडी विसळत होते. कानावर आलं तर गप्प बसायचं हे मला जमत नाही. "होणार नाही!" म्हटलं, तिथूनच. "लिहून घ्या पाहुणं, होणार नाही."

वहिनी पोह्यांचा ट्रे घेऊन येत होती, तो तिच्या हातात थरथरायला लागला. पदर तोंडात धरला होता. रागानं डोळ्यांत पाणी आलं असावं. मामांनी पोहे अर्धे टाकले आणि कळवतो म्हणून गेले.

दादा गाडीपर्यंत आला, पण ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू म्हणाला, "माझ्या पोरीच्या टायमाला तरी गप राह्यचं व्हतंस, वृषे." त्याचा चेहरा बघवला नाही. मी दार लावून घेतलं.

आता वाटतंय, संस्कृतीचा ह्यात काय दोष होता? भांडण माझं आणि दादाचं, किंमत तिनं का द्यायची? सकाळी तिच्यासमोर कुठल्या तोंडानं जाऊ?

२१ ऑक्टोबर

मला जायलाच लागलं नाही. ती स्वतः आली, जुना ड्रेस घालून, डोक्याला ओढणी बांधून. पॉलिश पेपर उचलला आणि घासायला लागली.

"रागावलीस का गं?"

"आत्या, मुलगा पूर्ण वेळ मोबाईलमध्ये बघत होता. जमीन मोकळी आहे का ते विचारलं, मी मोकळी आहे का ते कोणी विचारलं नाही." आणि वर, "हा खड्डा राहिलाय बघ."

२८ ऑक्टोबर

रंग! पप्पूनं कॉम्प्रेसर आणला. मला पूर्ण पांढरी हवी होती. पप्पू म्हणे दोन्ही बाजूंना नारंगी पट्टे आणि मागं गरुड. म्हटलं, गरुड मारलास तर तुझी पिसं काढीन.

भांडण चाललं होतं तेवढ्यात वहिनी हातात करंजीचं सारण तसंच घेऊन बाहेर आली. "वर साईसारखा लावा, खाली विटकरी. खाली पांढरा लावला तर घोडेगावच्या पुढं लाल मातीनं दोन घटकंत घाण व्हईल."

घोडेगावची माती हिच्या डोक्यात कुठून आली कोण जाणे. तिचं माहेर तिकडं आहे, तिला सगळी माती तसलीच वाटत असणार. पण रंग बरोबर सांगितला. वर साय, खाली विटकरी. पप्पूनं एक हात मारला, वाळू दिला, मग दुसरा. नवी रबरं काळीभोर, काचा स्वच्छ. मी रस्त्यापलीकडं जाऊन बघितलं. मढच्या पावसानं कुजवलं, मी स्वतः विष पाजलं, तरी उभी आहे. रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून बघतायत. दादाही दोनदा बाहेर आला, कारण नसताना. आता म्हण बरं भंगार!

२ नोव्हेंबर, पाडवा

सकाळी वहिनी गाडीत आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आत आली. पलंगाच्या कडेवर टेकली.

"वन्सं, उद्या भाऊबीज. मला माहेरी घेऊन चला."

"एसटी आहे की."

"एसटीनं गेले की पाव्हणी व्हते. दारात उभी राहून कोन ये म्हनतंय त्याची वाट बघायची. मला तसं नाय जायचं. मला ह्यातनं जायचंय."

मग बोलत सुटली. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. वडील वारल्यावर रामनाथनं, तिच्या धाकट्या भावानं, सहीला बोलावलं. त्या दिवशी भावजयीनं पुरणपोळी केली होती. पहिल्या दिवाळीला न्यायला आला. दुसऱ्या दिवाळीला फोन आला. तिसऱ्याला म्हणाले घरात माणसं लई हायत, पुढच्या येळी ये. "पुढची येळ काय आली नाय. आता फोनबी नसतो. मी सही केली, वन्सं. तुमच्यावानी केली नाय असं नाय. तरी माहेर राह्यलं नाय."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, नाही.

कारण गाडी हलली की जागा गेली. दादानं सांगून ठेवलंय आणि तो बोलतो तसं करतो. दोन महिने हाताची सालं काढली ती काय ह्याच्यासाठी? गेणभाऊ आला तेव्हा ती एक शब्द माझ्या बाजूनं बोलली नाही. मी तिचं का ऐकू?

"बरं," म्हणाली. पदर सावरला आणि उतरून गेली. भांडली असती तर मी दोन शब्द जास्त बोलले असते आणि मोकळी झाले असते.

दिवसभर काही खाल्लं नाही. रंगाला पॉलिश करत बसले. पॉलिश करताना पत्र्यात माझंच तोंड दिसत होतं, ते काही आवडलं नाही. जागा जाईल ह्या भीतीनं दारातल्या बाईला परत पाठवलं, मग दादात आणि माझ्यात फरक काय राहिला? जाऊ दे ती जागा. गेली तर पुन्हा भांडून घेईन. भांडायला मला कुठं शिकवणी लावायचीय.

संध्याकाळी ओट्यावरच्या वहिनीला इथूनच ओरडून सांगितलं, "सकाळी लवकर आवरा!"

३ नोव्हेंबर, भाऊबीज

हे घोडेगावच्या पुढं, वहिनीच्या माहेरी, गाडीत बसून लिहितेय.

सकाळी चाकांचे दगड काढले. चाकं मातीत रुतली होती, दोनदा मागंपुढं केली तेव्हा निघाली. दादा ओट्यावरून बघत होता. "हलवलीस?"

"हलवली."

"मी काय बोललोय ते ध्यानात हाय ना?"

"आहे. तुला जे करायचं ते कर."

तेवढ्यात वहिनी नवी साडी नेसून, पिशवी घेऊन पुढच्या सीटवर चढली. दादा ओट्यावरून उतरला. "अगं, तू कुठं?"

"भाऊबीजेला."

"आन् हितलं?"

"डब्यात चिवडा हाय."

आळेफाटा, नारायणगाव, मंचर. गाडी अशी पळाली, जसं काही तिला माहीत होतं कुठं जायचंय. मंचरला पंपावर डिझेल भरणारा पोरगा विचारतो, "कोणत्या पार्टीची गाडी, ताई?" निवडणुकीचे दिवस, प्रचाराच्या गाड्या रंगरंगोटी करून फिरतायत.

"माझी हाय," वहिनी म्हणाली. पैसे मी दिले.

रस्ता खरंच लाल आहे इकडं. विटकरी पट्ट्यावर धूळ बसली, पण कळत नाही.

गाडी थेट रामनाथच्या दारापुढं उभी केली आणि हॉर्न वाजवला. तोही प्रचाराची गाडी समजून हात जोडूनच बाहेर आला. मग काचेतून बहीण दिसली. हात जोडलेलेच राहिले.

"आक्का? ये ना, आत ये."

"तूच वर ये. चहा टाकलाय."

खरंच टाकला होता, माझ्या ओट्यावर. रामनाथ चढला, डोकं आपटलं, पलंगावर गुडघे जुळवून पाहुण्यासारखा बसला. मागून त्याची बायको आली, तीही अवघडून. वहिनीनं दोघांना बशीत फराळ दिला. पिशवीतून ताट काढलं, निरांजन लावलं, भावाला ओवाळलं. त्यानं खिशात हात घातला तर म्हणाली, "पैसं ठेव. फोन करत जा. नाय केलास तरी पुढच्या वर्षी मी येणार हाय, गाडी बघितलीस न्हवं?"

रामनाथ मान खाली घालून चहा पीत होता. कप रिकामा झाला तरी पीत होता.

दोघं उतरून गेले आणि संस्कृतीचा फोन आला. "आत्या, पप्पांनी तुझ्या जागेवर ट्रॉली आणून लावलीये. खांबाला खड्डे कुठं घ्यायचे तेपण दाखवत होते."

ठाऊकच होतं. आता परत जायचं ते कुठं, रस्त्यावर? मी फोन हातात धरून नुसती बसले. वहिनीनं तो काढून घेतला, स्पीकरवर टाकला. "पप्पांना दे."

दादा आला. आवाज बसलेला. "काय?"

"जेवला का?"

"चिवडा खाल्ला." मग म्हणाला, "भाऊबीज हाय आज. दुनियेच्या बहिणी आल्या गावात. मला कुणी ओवाळायचं?"

"तुमची बहीण हाय की हितं. पण ती ओवाळायला यायची कशी? तिच्या घराच्या जागी तुमी ट्रॉली लावलीय."

मी कुठं ओवाळणार म्हटलं होतं! मी हातानं नाही-नाही केलं. वहिनीनं माझा हात खाली दाबून धरला.

"मंगल, तू ह्यात पडू नगंस."

"मी पडलेय. ट्रॉली काढा. तिला तिथं जागा नसंल तर मलाबी नाय. मी हितंच राहते, हिच्या गाडीत. आतनं कडी लागती ह्याला. तुमच्या भाकरी तुमी थापा."

मला वाटलं फोन कट झाला. मग चपलांचा आवाज आला, कुत्रं भुंकलं आणि ट्रॅक्टरचा स्टार्टर फिरला. पहिल्यांदा धरला नाही. दुसऱ्यांदा धरला.

वहिनीनं फोन बंद केला नाही. ट्रॉली पूर्ण निघेपर्यंत ऐकत बसली.